आपलं गाव पहिलं

पांडेसरा, सुरत
दि. २ फेब्रुवारी

प्रिय योगराजदादास,

गायत्रीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. तूही कामरेजला मित्राच्या खोलीवर ठीकच असशील, असं आई रोज स्वतःच म्हणते आणि स्वतःच डोळे पुसते. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. अक्षर डॉक्टरचं आहे, लागेल तसं लाव.

परवा मला धुळ्याला हजर व्हायचंय. ही प्रवेशाची तिसरी फेरी. सीट सोडली तर वर्ष पाण्यात. छातीरोगाचं एम.डी. मिळालं, तर ही रडते कशाला, हेच लोकांना कळत नाही. शेजारची मंगलाबाई पेढे मागून गेली. उखाकाकांचा शिंदखेड्याहून फोन आला, "गावले ई राहिनी पोर, भलतं चांगलं जयं!" मी गावाकडे येतेय याचाच त्यांना आनंद; मी फोन आईकडे दिला. जिथे आपण सुट्टीत पंधरा दिवस आणि लग्नाला दोन दिवस जायचो, तिथे आता तीन वर्षं. आणि सुरतची सीट गेली माझ्यामागच्या रँकवाल्याला. त्याचं नाव मी चार वेळा वाचलं. संताप संताप होतो रे.

आबांनी तर मिलमध्ये सांगून ठेवलं होतं, पोर इथेच मोठ्या दवाखान्यात राहणार, खोकला असेल त्यानं बिनधास्त यावं. म्हणून तुझ्यावर भडकले. "आख्खी गल्लीना फॉर्म भरस, अन बहीनना एक भरता येस नही तुले?" शेजारपाजारचे दारात उभे होते. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस आणि पिशवी भरलीस. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत गल्लीचे सगळे फॉर्म तुझ्या हातचे, आजवर एक परत आलेला नाही. काल शोभाबाई नातीचा फॉर्म घेऊन नाक्यावरच्या दुकानात गेली. मी खिडकीतून पाहिलं आणि आत वळले.

आता जे दहा दिवस टाळतेय ते लिहिते.

त्या दुपारी मी बारडोलीजवळच्या आरोग्य केंद्रात होते. ऊसतोडीच्या मजुरांचा ट्रॅक्टर उलटला होता. अकरा जण आणले, सगळे आपल्याच भागातले. कॉलेजांची यादी लॉक करायला वीस मिनिटं उरली होती. वर मुंबई, मग पुणे, सुरत तिसरं. मला ते पहिलं करायचं होतं. मी एका बाईच्या हाताला टाके घालत होते, नर्सने फोन कानाशी धरला होता. तू विचारलंस, "पहिलं काय टाकू?" मी म्हणाले, "आपलं गाव पहिलं कर आणि लॉक कर." तू म्हणालास, "नक्की ना?" आणि मी खेकसले, "किती विचारतोस! कर ना."

दादा, त्या फोनवर मी सुरतचं नाव घेतलंच नाही. निकाल लागल्यावर सगळ्यांसमोर "मी स्पष्ट सुरत सांगितलं होतं" म्हणाले, ते खोटं. आपल्या घरात गाव म्हणजे कायम तिकडचंच. तीस वर्षं इथे काढून आबा आजही तिकीट काढताना "गावले जास" म्हणतात. यादीत शिंदखेडा कुठून असणार? तू जिल्ह्याचं धुळे टाकलंस. दुसरं कुणी असतं तर त्यानंही तेच केलं असतं. मी इथे जन्मले, इथेच शिकले, घाईत माझ्या तोंडून निघालेलं गाव म्हणजे सुरतच. तुला ते कसं कळावं?

आणि तू का गप्प बसलास? एकदा तरी म्हणायचंस, "ती गाव म्हणाली होती." मला वाचवलंस, याचाही मला राग येतो. सीट गेल्याचं दुःख आहेच, ते जाणार नाही. पण तुझ्या नावाला बट्टा लावून मी तिकडे कोणत्या तोंडानं रुग्ण तपासू?

एवढं लिहून आत्ता आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी नुसता चष्मा मागितला आणि पेन मागितलं. खाली लिहिलंय ते त्यांचं त्यांनी, मी सांगितलेलं नाही.

तुझी,
तुझ्यावर खोटं ढकलणारी बहीण
गायत्री

योगराज, घर ये. मनं चुकनं.
— आबा