तोंडात टाचण्या होत्या म्हणून

लाडक्या आत्या,

तू शिलाईचं दुकान सोडलंस, पण मास्तर तसेच आहेत गं. आज मी त्यांच्याच कोटाचं माप घेत होते, तर म्हणतात, "एवढी नटलीस कुणासाठी?" तू शिकवलंस तसं हसून सोडून दिलं असतं, पण तोंडात टाचण्या! हसणार कशी? त्या काढल्या आणि म्हटलं, "मास्तर, कामाचं बोला. माझ्या नटण्याचं नको."

सगळ्या बायकांनी मशिनी थांबवल्या. मास्तर "चुकलं" म्हणाले, तेव्हा कुठे त्या पुन्हा धडधडल्या, टाळ्या पडाव्यात तशा!

पत्र टाकत नाही. तोंडीच सांगेन, मला तुझा चेहरा बघायचाय.

तुझ्याच मशीनवर बसते मी. आज मान वर करून शिवलं, आणि टीप जराही वाकडी गेली नाही.

तुझी भांडकुदळ भाची