बाजूनं आलेलं विमान

बाळूच्या आबांना,

तुम्ही गेल्यावर मी रडले नाही म्हणून तुमची बहीण अजून चार बायकांत बोलते. बोलू दे. आजही मी रडायला बसलेली नाही. चौथीपर्यंतची माझी शाळा, अक्षर तुम्हाला माहीत आहे, आणि पिंकी मघापासून विचारते, "आज्जी, कुणाला लिवतीस?" तिला काय सांगू?

कारण एवढंच, की बाळूनं काल मोटरसायकल म्हशीला नेऊन घातली. म्हैस धड आहे. तुमच्या लेकाच्या गुडघ्याला टाके पडले. म्हणतो, "म्हैसच आडवी आली." म्हैस काय आभाळातनं पडते का हो? गंगावेशीत भर दुपारी बाजूनं चालत आली. सगळ्या रस्त्याला दिसली, ह्याला दिसली नाही.

बाजूनं हा शब्द लिहिला आणि तुम्ही आठवलात.

तो व्हिडिओ गेम आठवतोय? फौंड्रीतनं रिटायर झालात आणि महिनाभरात उचलून आणलात. नाव पिंकीचं. पिंकी तेव्हा पाळण्यात! डब्यावर डोंगर छापलेले, आगीचे लोळ, खरीखुरी विमानं. टीव्हीला लावला तर काळ्या पडद्यावर चार रंगीत चौकोन.

"हे विमान? फरशीचा तुकडा दिसतोय की."

"अगं, चौसष्ट बिटचा हाय."

"म्हंजे काय?"

"दुकानदार म्हणला, बिट जास्त असली की चित्र खऱ्यावानी दिसतंय."

"मग त्यालाच बोलवा. त्याला दिसतंय का बघू."

शेजारच्या पोरांकडं तसलंच मशीन होतं. त्याच्या डब्यावर आठ लिहिलेलं आणि विमान तेच! कॅसेटवर लाख गेम लिहिलेले. कुठले लाख? तेच विमान, आधी निळं, मग लाल, मग परत निळं. जन्मभर साखरेच्या पुडीवरच्या वजनावर विश्वास न ठेवणारा माणूस, पण त्या डब्यावर ठेवलात. पेठेत सांगत फिरलात, आमच्या घरी चौसष्ट बिट हाय म्हणून.

दुपारी जेवलं की बसायचात. समोरचं विमान एक सोडत नव्हता. भट्टीपुढं वाढलेला हात, थरथर नावाला नाही. पण बाजूनं कोण आलं की मेलातच.

"आवं, डावीकडनं आलं की!"

"कुठाय?"

"आता काय, मेलासा."

"मशीनच खोटं हाय. बाजूचं दावतच न्हाय. बिट कमी पडत्यात."

ते मशीन काखेत मारून दुकानात भांडायला गेलात. दुकानदारानं लावून दाखवलं, विमानं चारी बाजूंनी येत होती. वर तो तुम्हालाच म्हणाला, "आबा, तुमचा टीव्ही म्हातारा झालाय." घरी येऊन तुम्ही टीव्हीला चापट मारलीत. तेव्हा दाराच्या चौकटीला रोज खांदा लागत होता तुमचा. मी म्हणायची, चालायचं वळण गेलंय. तुम्ही म्हणायचात, चौकट सरकलीया. मग फौंड्रीतले तुमचे जोडीदार आले. "भट्टीची झळ हो ती, आमा सगळ्यांचंच असं," म्हणाले. गाईचं तूप डोळ्यांत घालून सगळे खुशाल! अहो, झळेनं माणूस नेमका बाजूचाच आंधळा होतो का? एकानं तरी विचारायचं की.

पुढं बाळूचा पगार वाढला आणि त्यानं नवीन मशीन आणलं. त्यात म्हणे माणसाच्या चेहऱ्यावरचा घामसुद्धा दिसतो. हौसेनं लावत बसला. तुम्ही समोर खुर्ची टाकून. आवाज सुरू झाला, ढोल, बंदुका, गाड्यांची घरघर. तुम्ही मांडीवर थाप मारलीत.

"वा रे पठ्ठ्या! काय चित्र हाय! डोंगरावरचं पान न पान दिसतंय!"

बाळू टीव्हीच्या मागं वाकलेला. पिवळी पिन त्याच्या हातातच होती. चित्राची वायर ती. पडदा सगळा काळा.

सूनबाई हसली, बाळू हसला, "आबा लई नकला करत्यात" म्हणाला. तुम्हीही हसलात. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही आवाजाकडं बघून हसत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू. कडेकडेनं खात खात मधल्यापर्यंत आलेला. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर येत नाही, राहिलेली राखता येते." तुमची राखण्यापुरतीसुद्धा राहिली नव्हती. आणि मग एकदा, भाकरी कुस्करून ताट पुढ्यात दिलं तेव्हा, तुम्ही म्हणालात, "भट्टीवर हुतो तवाच नजर कमी झालती, हौसा. सांगितलं असतं तर गेटवर राखणीला बसवलं असतं मला."

बसवलं असतं! मग? गेटवर काय माणसं बसत नाहीत? भट्टीवाला म्हणवून घ्यायला डोळे घालवलेत आणि मला बायको म्हणताना एका शब्दानं सांगितलं नाही. ह्याचा राग माझा गेलेला नाही. तुम्ही गेलात तरी नाही. शेवटची वर्षं टीव्हीपुढं नुसता आवाज ऐकत बसायचात, ते मला अजून बघवत नाही.

त्याच डॉक्टरांनी बाळूला बजावलं होतं, "रक्तात चालतं हे, तुमचेही डोळे तपासून घ्या." "व्हय व्हय," म्हणाला. तुमचाच लेक तो.

आज संध्याकाळी त्याला खुर्चीत बसवलं आणि आमटीची पळी घेऊन मागं उभी राहिले. "समोर बघ. पळी दिसली की सांग." उजवीकडनं कानापाशी आणली तर लगेच म्हणाला, "दिसली." डावीकडनं आणली. कान गेला, गाल गेला, पळी नाकाशी आली.

"बाळू, दिसली का?"

"आणलीस कुठं अजून?"

सूनबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मी पळी त्याच्या नाकावर टेकवली. मग खाली मान घालून म्हणाला, "आई, परवा कारखान्यात लेथ मशीनवर हात जाता जाता वाचला. साहेबाला सांगू नगंस. मशीनवरनं काढतील."

तेच वाक्य हो! भट्टीच्या जागी मशीन, एवढाच काय तो फरक.

आता ऐका. उद्या सकाळी मी त्याला डॉक्टरकडं नेते. बाहेरच्या बाकावर बसणार नाही, आत जाते. तो "दिसतंय" म्हणाला तर "खोटं बोलतोय" म्हणून मी सांगते. औषधाचे थेंब माझ्या हातानं घालीन, आणि लेथवरनं काढलंच तर गेटवर बसायला डबा माझ्या हातचा जाईल. लाज वाटली तर दोन दिवस वाटंल. गेलेलं परत मागत नाही, तुम्हालाही नाही. राहिलेलं मात्र सोडणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
हौसाबाई