मोरीचा बोळा

मल्लेश्वरम, सोमवार, १९५८. दिवेलागणीची वेळ.

मोरीच्या तोंडात कापडाचा बोळा पुन्हा घट्ट कोंबून आले.

दुपारी मिठूनं पिंजऱ्यात थैमान घातलं म्हणून धावत गेले, तर खाली नाग! पोपटानं सांडलेल्या दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागे तो. एवढंही मला कळू नये? पलीकडे पाळण्यात बाळ झोपलेलं. काठी आपटली तेव्हा तो मोरीतून सरसरत परसातल्या वारुळात गेला.

घरमालकीण अक्कांना म्हटलं, ते वारूळ पाडून टाका ना. त्यांनी कानांवर हातच ठेवले. "असं बोलू नये ग! बाळासाठी नवस कुणाला बोलली होतीस? नागप्पा लेकराला बघायला आला असेल."

मीच बोलले होते, मूल होऊ दे, दर मंगळवारी वारुळाला दूध घालीन. हे म्हणतात, राजाजीनगरला घर बघू. घर बदलता येईल, पण नवस?

दाणे झाडून काढले. मिठूचा पिंजरा आतल्या खोलीत उंच टांगला. खिडक्या लावून घेतल्यात. नुसतं गुदमरायला होतंय. बाळ किरकिरतंय, मिठू गप्प.

बोळा निघाला तर नसेल? जाऊन बघून आले. आहे तिथंच.

उद्या मंगळवार. बाळाच्या दुधातलं वाटीभर आत्ताच वेगळं काढून झाकून ठेवलंय.