मेबलच्या आधी माझी दाढ

२१ एप्रिल १९६८, रविवार

शाळेत देवी टोचायला आले तेव्हा मदर म्हणाल्या होत्या, "ही एमिलिया बघा, जराही हलली नाही." ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. हलले नाही कारण मला घेरी आली होती, पण तो तपशील झाला.

आज आठवायचं कारण माझी लेक मेबल. आठ वर्षांची घोडी, काल अंधेरीला दातांच्या डॉक्टरांना चावली. दुधाची दाढ किडून हिरडीला गळू आलंय. डॉक्टर पेसी म्हणाले, गोळ्यांनी सूज उतरेल, पण दाढ काढावीच लागेल, नाहीतर खालचा कायमचा दात बिघडेल. मग सहज माझ्या तोंडात डोकावले. माझी अक्कलदाढ म्हणे आडवी आहे, हिरडी कापून काढायला हवी. हे पोरीसमोर बोलायची गरज होती का? ती लगेच म्हणाली, आधी मम्मीची काढा, तिला नाही दुखलं तर मी येते.

ठरलं. शुक्रवारी माझी, पुढच्या मंगळवारी तिची. मुलांना उपदेश नको, उदाहरण हवं.

२२ एप्रिल

आजपासून घरात सगळ्यांनी रात्रीही दात घासायचे. मी स्वतः उभी राहून बघणार.

२३ एप्रिल

काल राहिलं. डोळा लागला.

शेजारच्या तेरेसाच्या मुलीचं लग्न रविवारी. म्हणजे शनिवारी संध्याकाळी उंबराचं पाणी. बँड लावून सगळ्या बाया विहिरीवर नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायला जाणार, आणि आमच्या वाकोल्यात त्या गाण्यांची पहिली ओळ माझीच असते. माझा नवरा ऑगस्टीन म्हणतो, दाढ पुढे ढकल. मी नाही म्हटलं. आईच मागे सरली तर मूल काय शिकणार? शनिवारी मी नुसते ओठ हलवीन. हे ऐकून त्याला चहाचा ठसका लागला.

२६ एप्रिल, शुक्रवार संध्याकाळ

काढली. टाके आहेत. मी शांत होते. डॉक्टरांच्या कोटाचं बटण माझ्या हातात आलं, पण ते आधीच सैल असणार.

सूचना: दोन दिवस गुळण्या नाहीत, गरम नाही, तिखट नाही, बोलणं कमीत कमी. खड्ड्यात रक्त गोठतं तेच मलम. ते सुटलं तर हाड उघडं पडेल आणि मग रडायची पाळी येईल. डॉक्टरांना वाढवून सांगायची सवय असते.

मेबलने विचारलं, दुखलं का? कापसाच्या बोळ्यामुळे मान हलवून नाही म्हटलं आणि हसले. ऑगस्टीन म्हणाला, हसू नकोस, पोर घाबरतेय.

२७ एप्रिल, दुपार

घरीच थांबणार.

संध्याकाळ

फक्त दारात उभी राहणार.

नंतर

विहिरीवर जाऊन आले. तेरेसाच्या नणंदेने चाल इतकी वर धरली की पुढे कोणाला जाताच येईना. पहिली ओळ तेवढी सावरून दिली. दुसरी अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं. मग सगळीच गाणी झाली. घसा बसला म्हणून कुणीतरी खिमाड दिली, मसाला घातलेली गरमागरम दारू. औषधच ते, म्हणून गिळायच्या आधी चांगली खुळखुळवली. अजिबात दुखलं नाही. मेबलने सगळं पाहिलं. उदाहरण म्हणतात ते हेच.

२८ एप्रिल

लग्न झकास. फुगे, ते तळलेले गोल पाव, खाल्ले नाहीत, नुसते इंदियालच्या आंबट-तिखट रश्शात बुडवून चोखले. कानात ठणठण होतेय. बँडमुळे.

२९ एप्रिल, सोमवार

कान, कानशील, जबडा, सगळं ठणकतंय. तोंडाला घाण वास. उठते, बसते, पुन्हा उठते. घरात सांगितलं, कान दुखतोय. ऑगस्टीन म्हणाला, आत्ताच्या आत्ता चल. मी म्हटलं, उद्या मेबलला न्यायचंच आहे, दोन खेपा कशाला?

दुपारी मोरीत ओला टॉवेल तोंडावर धरून बसले होते. मेबल कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"मम्मी, दुखतंय ना?"

"कान गं."

"मग गाल का धरलास?"

मी टॉवेल खाली घेतला.

"तू सारखी नाही नाही म्हणतेस," ती म्हणाली. "मग मला कसं कळणार खरं किती दुखतं ते?"

३० एप्रिल, मंगळवार सकाळ

तिला खरं सांगितलं. सुई टोचते, मग बधिर होतं, काढताना नुसता जोर लागलेला कळतो. आत्ता हे जे दुखतंय ते डॉक्टरांमुळे नाही, मी गायले, गुळण्या केल्या म्हणून. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि चपला पलंगाखाली लांब सरकवल्या. येणार नाही म्हणाली.

तिच्या हिरडीला परत लाली दिसतेय.

लाडू, नवा फ्रॉक, पप्पांचा धाक, सगळे बेत मनात करून पाहिले. एकही टिकत नाही. आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. मला त्या खुर्चीत पुन्हा बसायचंय, खड्डा साफ करून घ्यायचाय, आणि घरातून पाय निघत नाही. दाराशी दोनदा जाऊन परत आले. ऑगस्टीन कामावर गेला.

ती खिडकीत पाठ करून बसलीय. नाहीच म्हणेल. तरी विचारते.

मेबल, तुझी दाढ आज राहू दे. डॉक्टरांकडे माझा हात धरायला तेवढी येशील का गं?