बारा आकाशं

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ठोंब्या उत्तर देत नाही म्हणून तू मला चार शिव्या घातल्याच असशील, तेव्हा वेगळी माफी मागत नाही.

मी ठीक आहे, म्हणजे जेवतो-खातो. या बेटावर सहा महिन्यांसाठी म्हणून आलो होतो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्या सकाळी खिडकीतून खाडीपलीकडचा तो हिरवा डोंगर पाहिला आणि मी रडलो होतो, तुला कळवलंही होतं. तोच डोंगर आता मानगुटीवर बसलाय. चित्रांच्या दुकानाच्या मालकीणबाईंना दुसरं काही चालत नाही. खोली त्यांची, रंगही त्यांचेच. सोमवारी मी ओळीने बारा आकाशं रंगवतो, मंगळवारी बारा समुद्र, मग शुक्रवारपर्यंत बारा डोंगर. शनिवारी सह्या. मध्यंतरी हट्टाने कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा चेहरा काढला, तर बाई छान म्हणाल्या आणि कपाटामागे ठेवून दिला. सोडून जावं, तर आता दुसरं येतं काय मला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एक गोष्ट तुझ्यापासून आणि आईपासून लपवली. तीन वर्षांपूर्वी माझ्या खिडकीसमोर हॉटेल उभं राहिलं. डोंगर दिसत नाही. दिसते ती एक राखाडी भिंत आणि तिच्यावरून गेलेला पाण्याचा पाइप. भर दुपारी दिवा लावून मी डोंगर काढतो, नुसत्या हाताच्या सवयीने. आईला दरवर्षी एक चित्र पाठवतो ना, त्यातली शेवटची तीन अशीच आहेत. मला त्याची फार लाज वाटते.

आणि तू लिहिलंस, आईची नजर पार अधू झालीय, तरी रोज भिंग घेऊन ती त्या चित्रांसमोर उभी राहते. काय शोधतेस म्हणून तू विचारलंस, तर म्हणाली, "यात तो कुठं बसतो, ते बघतेय." ते वाचल्यापासून माझ्या हातून आकाश होत नाही. या सोमवारी तर बाराही कॅनव्हास कोरे राहिले. काल बाईंना खोलीची किल्ली देऊन टाकली.

म्हणून हे पत्र. या वर्षी चित्र पाठवत नाही. पंधरा तारखेच्या बोटीने मीच निघतोय. आईला आधी सांगू नकोस, ती दारातच बसून राहील. फक्त तिची खुर्ची उजेडात ओढून ठेव. भिंग लागणार नाही इतक्या जवळ जाऊन बसेन मी.

तुझाच,
ठोंब्या