गाडी झाकायचा दिवस

अण्णा, मोटरसायकलची सगळी तयारी झाली आहे, फक्त वरून चादर टाकायची राहिली आहे. तेवढ्यासाठी परवापासून गॅरेजमध्ये जायचं मी टाळते आहे. तुम्ही म्हणाल, गाडी काय लोणचं आहे का, झाकून ठेवायला? सांगलीत तुमच्या गॅरेजमध्ये गाडी बारा महिने पळायची, पावसात, चिखलात, उन्हात, आणि बंद पडली की तुमच्या दारात यायची. इथं कॅल्गरीत ऑक्टोबरात बर्फ सुरू होतो तो एप्रिल संपता संपता पाठ सोडतो. गाडी मधल्या काळात नीट झोपवली नाही तर उन्हाळ्यात उठत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची, कारण अर्धी ठेवली तर आतल्या ओलीनं गंज चढतो. पेट्रोल नासू नये म्हणून त्यात औषध घालायचं आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे ते आतपर्यंत पोचतं. ऑइल बदलायचं, बॅटरी काढून बेसमेंटमध्ये चार्जिंगला लावायची, सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबायचा. बोळा विसरला तर उंदीर आत घर करतात. एका वर्षी विसरले होते. वसंतात स्टार्टर मारला आणि आतून जे उडून बाहेर पडलं ते मी फावड्यानं उचललं, आणि नंतर दिवसभर जेवले नाही.

हे सगळं वडिलांकडून शिकलीस का, असं कुणी कौतुकानं विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तुम्ही शिकवलं नाही, अण्णा. तुम्ही मारलंत, आणि मार खाता खाता जे डोळ्यांना दिसलं ते मी शिकले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हिशेब मिटवायला म्हणून मी लिहीत नाहीये. मला एकच जाणून घ्यायचंय, तुमचा हात माझ्यात किती उतरला आहे. मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं होतं की हिच्या अंगावर हात टाकायचा नाही. नवऱ्याला सांगितलं होतं, आईला फोनवर सांगितलं होतं, ती म्हणाली होती, "बरं होईल गं बाई, कुणाकडून तरी थांबू दे." परवापर्यंत मी ते पाळलं.

गॅरेजच्या दाराशी खिळ्यावर तुमची वायर टांगलेली असायची. तुटलेली क्लचवायर दुहेरी वळून तुम्ही केली होती, आणि एका टोकाला काळी टेप गुंडाळून मूठ बनवली होती, तुमच्या हाताला लागू नये म्हणून. स्वतःच्या हाताची एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाना चुकीचा दिला की वायर. रॉकेल सांडलं की वायर. आई मध्ये पडली की आधी आईला, मग मला. बाकावर गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली असायची. त्यातलं कुणीतरी म्हणायचं, "जाऊ द्या हो मिस्त्री, पोरीची जात आहे," आणि पुन्हा बशीत चहा ओतायचं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात. आमच्याकडे सगळे तोंडाचीच काळजी करत राहिले, हात कुणी धरला नाही.

फक्त खंडेनवमीला तुम्ही मारायचा नाहीत. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. पाने, पकडी, हातोडा, सगळं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ, आणि मग कशालाच हात लावायचा नाही. तुम्ही आंघोळ करून स्वच्छ सदरा घालून बसायचात, तुमचे हात मांडीवर नुसते पडलेले असायचे. मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघायची. एका वर्षी आईनं सगळी हत्यारं मांडून झाल्यावर खिळ्यावरची वायर काढली, धुतली, पदराला पुसली आणि वेटोळं करून हातोड्याच्या शेजारी ठेवली. तिच्यावर कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. तुम्ही विचारलंत, "हे काय?" आई म्हणाली, "हत्यारच आहे की. रोज वापरता." कामाची पोरं खाली बघत उभी होती. दसरा झाल्यावर तुम्ही पाने उचललेत, हातोडा उचललात, काम सुरू झालं, आणि वायर आईनं तशीच कुंकवासकट देवघरात नेऊन ठेवली. मला वाटलं, संपलं. देवाजवळ गेलेली वस्तू कोण परत आणतं?

दिवाळीच्या आधी तुम्ही मला एका गाडीचा स्पार्क प्लग बसवायला सांगितलात. तो वाकडा गेला. मला कळलं नाही, मी पान्यानं जोर लावत राहिले आणि इंजिनच्या हेडमधले आटे गेले. तुम्ही माझ्याकडे बघता, गाडीकडे बघता, आणि घरात जाता. चपला घालून देवघरात जाता. आई म्हणते, "अहो, चपला." तिला चपलाच दिसल्या, बघा. तुम्ही बाहेर येता तेव्हा वायर हातात आहे, आणि मग मला जमिनीवरचं ऑइल दिसतं, तुमच्या चपलेचा तुटलेला अंगठा दिसतो, आणि पाठीवर आधी गार आणि मग जळल्यासारखं होतं, पुन्हा आणि पुन्हा. "चामडं सोलीन तुझं," तुम्ही म्हणत होतात, अगदी हळू आवाजात. नंतर मोरीत आई माझा शाळेचा पांढरा शर्ट धूत होती आणि तिला कळेना कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं. ती नुसतं पाणी ओतत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलंत. नवा कोरा प्लग पाना होता, माझ्या हाताच्या मापाचा. म्हणालात, "प्लग आधी बोटांनी फिरवायचा. बोटांनी फिरत नसेल तर चूक आपली आहे, प्लगची नाही. पाना शेवटी." मी अजून तसंच करते, अण्णा, इथं ऑफिसातल्या लोकांनाही सांगते. आणि मला त्या पान्याचा आनंद झाला होता. पाठ टेकवता येत नव्हती म्हणून मी पालथी झोपले, पाना मुठीत धरून. तुम्ही मारलंत त्याच्यापेक्षा मला याचा जास्त राग येतो. तुम्ही छातीत कळ येऊन गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. सगळे रडत होते, आणि मी गॅरेजमध्ये जाऊन ती वायर शोधत होते. सापडली असती तर तुमच्याबरोबर जाळायला दिली असती. सापडली नाही.

मुलीला मी हे थोडंथोडं सांगितलं होतं. सगळं नाही, मुलांना सांगता येईल एवढंच. ती पंधरा वर्षांची आहे, मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. खंडेनवमीचं मात्र मी तिला रंगवून सांगायची, पाटावरचे पाने, झेंडू, तुमचा स्वच्छ सदरा. म्हणायची, वर्षातला तेवढा एकच चांगला दिवस. यंदा खंडेनवमी शनिवारी आली आणि हवामानात रविवारी बर्फ सांगितला होता, म्हणून मी शनिवारीच गाडीचं काम काढलं. नवरा आठवडाभरासाठी कामाच्या साइटवर गेला होता. टाकी काठोकाठ भरली, औषध घातलं, दार उघडं ठेवून इंजिन चालवलं, ऑइल बदललं, बॅटरी काढली, बोळा कोंबला. थोडं पेट्रोल खाली सांडलं होतं, ते पुसलेली चिंधी तशीच पडली होती आणि कॅनचं झाकण उघडंच होतं. बोटं बधिर झाली म्हणून गॅरेजचं दार लावून घेतलं आणि हात धुवायला आत गेले. चहा पिऊन अर्ध्या तासानं परत आले तर बंद गॅरेजात, माझ्या गाडीच्या पुढ्यात, मुलगी मांडी घालून बसली होती. तिनं माझे पाने भांडी घासायच्या साबणानं लखलखीत केले होते, एका फळीवर मांडले होते, प्रत्येकावर हळदकुंकू, ग्रोसरीच्या दुकानातून आणलेली पिवळी शेवंती. आणि मध्ये निरांजन. पेटवलेलं. पेट्रोलच्या कॅनपासून हातभर अंतरावर.

तुमच्याकडे पूजा रस्त्यावर व्हायची, अण्णा, वारा वाहायचा. इथं गॅरेज घराला चिकटलेलं असतं आणि तिची खोली बरोबर त्याच्या वर आहे. मी ज्योत तळहातानं दाबून विझवली, फळी लाथेनं उडवली, दाराचं बटण दाबलं आणि तिच्या कानाखाली दिली. ती थप्पड भीतीची होती. ती मी कुणालाही समजावून सांगू शकते, पोलिसांनासुद्धा. मुलगी गाल धरून म्हणाली, "आय डिड इट फॉर यू. यू सेड इट वॉज द ओन्ली गुड डे." दिवा विझला होता. दार वर गेलं होतं, गार हवा आत येत होती, धोका संपला होता. मग मी तिला दुसरी मारली. ती विंटर टायरांच्या चळतीवर आदळली आणि तिचा ओठ फुटला. ती वाकून एक फूल उचलायला लागली, तर तिच्या पाठीत बुक्की घातली. "चामडं सोलीन तुझं," मी म्हणाले. हळू आवाजात म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून आयुष्यात कधी आले नव्हते. ती उभी राहिली, माझ्याएवढीच उंच आहे आता, आणि म्हणाली, "डोन्ट टच मी अगेन." आणि जिना चढून गेली. खंडेनवमीला तुम्हीसुद्धा कधी मारलं नव्हतंत.

मग मी काय केलं असेल? कारची किल्ली घेतली आणि तिला आवडतो तो आंब्याचा बबल टी आणायला गेले. रांगेत उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, रेग्युलर की लार्ज, मी लार्ज म्हणाले, पैसे देताना तळहात झोंबला, तिथं फोड आला होता. कप हातात घेतला आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाना आठवला. कप तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाची भुरभुर सुरू झाली होती, आणि मी गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं आपटलं, दोन-तीनदा, चांगलं जोरात.

काल रविवारी ती सकाळी किचनमध्ये आली. ओठ सुजला होता. तिनं बोलमध्ये सीरियल घेतलं, दूध ओतलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, डिड इट फील गुड?" मी म्हटलं, "काय?" "व्हेन यू हिट मी. नॉट द फर्स्ट वन. आफ्टर दॅट." मी म्हटलं, "नाही गं बाळा, काहीतरीच काय. आईला किती वाईट वाटलं, तुला माहितीये का?" ती "ओके" म्हणाली, न खाता बोल सिंकमध्ये ठेवला आणि वर गेली.

मी खोटं बोलले. बरं वाटलं होतं, अण्णा. जाम झालेला नट सगळं अंग लावल्यावर कट्कन सुटतो ना, तसं. दुसऱ्या थपडेला वाटलं आणि बुक्कीला त्याहून जास्त. मारून झालं की तुम्ही बाकावर बसून शांत आवाजात चहा मागायचात, आणि आई म्हणायची, चला, राग उतरला. राग उतरायचा नाही, पोट भरायचं, हे मला परवा कळलं. मारणं वाईट आहे हे मला सगळ्यांनी सांगितलं. मारताना बरं वाटतं हे कुणी सांगितलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही एकदा जरी सांगितलं असतंत तर मी गॅरेजमध्ये दुसरा हात उगारण्याआधी निदान ओळखलं असतं, की हे येतंय. मुलीनं उगाच विचारलेलं नाही. तिलाही राग येतो, दारं आपटते, गेल्या वर्षी शाळेत एका मुलीला ढकलून पाडलं होतं. तिला स्वतःबद्दल काहीतरी विचारायचं होतं आणि मी तिला आईचं वाईट वाटणं ऐकवलं. तिला खरं उत्तर हवंय, आणि ते आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाकडे नाही.

शाळा सुटून ती मघाशीच घरी आली आहे. वर तिच्या पावलांचा आवाज येतोय. तुम्हाला सांगायचं होतं ते केव्हाच सांगून झालंय, अण्णा. जिना चढून तिच्या दारावर टकटक करायची मला भीती वाटते, म्हणून मी अजून लिहीत बसले आहे.