पावणेचार फेरे

प्रिय दादा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता शेवटपर्यंत ऐकावंच लागेल.

बाबांनी पिकअपचं इंजिन स्वतःच्या हातांनी बांधलं आणि माल भरल्यावर गाडी चढाला धापा टाकायला लागली. गॅरेजमध्ये सगळ्या कामगारांसमोर तू म्हणालास, "म्हाताऱ्याचा हात गेला." गॅरेजची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतलीस, गाडी घराच्या अंगणात आणून सोडलीस. चाळीस वर्षं इंजिनं बांधणारा माणूस त्या दिवसापासून खिडकीशी बसून आहे. चहा पुढे केला तर घेतात, नाही केला तर मागत नाहीत.

मी मात्र गप्प बसणारी नाही. आठवतं, लहानपणी पाना हातात घेतला की तू म्हणायचास, "मास्तरीणबाई, तुम्ही खडूच चालवा"? रविवारी तोच शाळेतला खडू चालवला. पुढच्या चाकांना विटा लावल्या, गाडी न्यूट्रलला टाकली, मागचं एक चाक जॅकवर उचललं. टायरवर एक खूण, मधल्या लांब शाफ्टवर एक खूण. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती वेळा फिरतो, तेवढा मागच्या ॲक्सलचा आकडा. आकडा मोठा, तर चढाला जोर जास्त. मी चाक एकदा फिरवलं. शाफ्ट पुरते दोन फेरेही फिरला नाही. माझं डोकंच चालेना. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "अगं शहाणे, दुसरं चाक जमिनीवर आहे ना! अर्धा हिशेब ते खातं. दोनदा फिरव." तीन आठवड्यांनी बाबा आपणहून बोलले, दादा. बाहेर आले, गाडीखाली वाकले आणि स्वतः मोजलं. पावणेचार.

स्वयंपाकघराच्या दाराला अडण म्हणून तूच आणून ठेवलेलं, याच गाडीच्या जुन्या ॲक्सलमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, उचललं. मोठ्याला एकोणचाळीस दात, छोट्याला आठ. भागून बघ, जवळजवळ पाच येतात. इंजिन बांधलं त्याच आठवड्यात मागचा ॲक्सल बदलला कोणी? दुसऱ्या गाडीचा, हाताशी होता म्हणून बसवला कोणी? हात कोणाचा गेला?

आकडा ऐकून बाबा दचकलेसुद्धा नाहीत. "पहिल्याच चढाला कळलं होतं," म्हणाले. "बोललो असतो तर गिऱ्हाइकांनी त्याच्यावर भरवसा ठेवला नसता. तू पत्रबित्र लिहू नकोस." स्वतःचं नाव घालवून त्यांनी तुझं राखलं. ते बाप आहेत, त्यांना ते शोभतं. मी बहीण आहे. मला ते मान्य नाही. शनिवारी सगळे कामगार असतील तेव्हा मी गाडी आणि बाबा, दोघांनाही गॅरेजमध्ये घेऊन येते. टायरवरची खूण मी पुसलेली नाही. सगळ्यांसमोर वाक, मोज, आकडा मोठ्याने सांग, आणि किल्ली त्यांच्या हातात दे. तू नाही मोजलंस, तर मी मोजेन. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, तुला ठाऊक आहे.

तुझ्यावर अजूनही माया असलेली,
तुझीच मास्तरीण